पवनचक्कीची पाती फिरवताना

पवन ऊर्जेवरच्या एका लेखासोबत देण्यासाठी मला पवनचक्कीचे एक छोटे हलते चित्र हवे होते. आकाश, जमीन आणि मनोरा जागच्या जागी राहावेत आणि फक्त तीन पाती संथपणे फिरत राहावीत, एवढीच अपेक्षा होती. तयार चित्रे शोधली तेव्हा काहींत पाती उलट्या दिशेने फिरत होती, तर काहींत प्रत्येक फेऱ्याला एक बारीकसा गचका बसत होता. लेखाचा विषयच पवनचक्की असल्यामुळे असले चित्र त्यात घालणे मला पटेना. म्हणून चित्र स्वतःच करायचे ठरवले. संगणकावर स्थिर चित्रे काढण्याची सवय मला होती, फिरते चित्र मात्र मी कधी केले नव्हते. एका संध्याकाळी होईल असे वाटलेल्या या कामाला चार संध्याकाळी लागल्या, आणि त्यांतला बराचसा वेळ पात्यांपेक्षा ती ज्या बिंदूभोवती फिरतात त्या बिंदूसाठी गेला.

चित्र जिफ (GIF) या फाइल-प्रकारात करायचे हे आधीच नक्की होते, कारण ते जवळजवळ कुठेही उघडते आणि चालवायला वेगळे साधन लागत नाही. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना या नावाचा उच्चार लपवता येतो, देवनागरीत मात्र 'जिफ' की 'गिफ' हे ठरवूनच लेखणी उचलावी लागते. हा प्रकार १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला, आणि त्यांनी स्वतः २०१३ मध्ये वेबी पुरस्कार स्वीकारताना 'जिफ' हाच उच्चार सांगितला होता, म्हणून मीही तोच लिहिते. या प्रकाराच्या १९८९ च्या आवृत्तीत प्रत्येक फ्रेम, म्हणजे हलत्या चित्रातले एकेक स्थिर चित्र, किती वेळ पडद्यावर ठेवायची आणि पुढची फ्रेम येण्याआधी तिचे काय करायचे, हे फाइलमध्येच नोंदवण्याची सोय आली. ही दुसरी नोंद किती महत्त्वाची असते, ते मला पुढे कळले. एका जिफ फ्रेमच्या रंगपटात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात, हे मात्र मला ठाऊक होते आणि ठाऊक असूनही मी ते विसरले.

चित्रासाठी गिम्प हा मोफत प्रोग्रॅम घेतला. त्यात प्रत्येक लेअर, म्हणजे चित्राचा एकावर एक रचलेला थर, ही एक फ्रेम धरली जाते. ४०० बाय ४०० पिक्सेलचा कॅनव्हास घेतला, खालच्या लेअरवर आकाश, टेकडी आणि मनोरा काढला आणि वरच्या लेअरवर तीन पाती हाताने रेखाटली. प्रत्येक पात्याची लांबी १२० पिक्सेल होती. मग पात्यांच्या लेअरची प्रत काढायची, ती १० अंशांनी फिरवायची, त्या प्रतीची पुन्हा प्रत काढायची आणि ती आणखी १० अंशांनी फिरवायची, असा क्रम चालवला. तिन्ही पाती सारखीच असल्यामुळे पूर्ण फेरा काढण्याची गरज नव्हती. पाती १२० अंश फिरली की पहिल्याची जागा दुसरे घेते आणि चित्र पुन्हा मूळचे दिसते, म्हणून ० ते ११० अंशांच्या बारा फ्रेम पुरेशा होत्या. या युक्तीमुळे कष्ट एक तृतीयांश होतात, याचा मला फार आनंद झाला होता.

पहिल्यांदा चालवून पाहिले तेव्हा दोन गोष्टी एकदम दिसल्या. पाती फिरत होती, पण मनोऱ्याच्या टोकावर अक्षरशः झोकांड्या खात होती. शिवाय शेवटच्या फ्रेमपर्यंत जाता जाता पात्यांच्या कडा पाण्यात भिजलेल्या कागदासारख्या मऊ आणि पसरट होत होत्या, आणि पहिली फ्रेम आली की एकदम पुन्हा धारदार दिसत होत्या.

दुसऱ्या दोषाचे कारण लगेच सापडले. चित्र तिरक्या कोनात फिरवले की जुने पिक्सेल नव्या पिक्सेलांच्या चौकटीत नेमके बसत नाहीत, म्हणून प्रोग्रॅम शेजारच्या पिक्सेलांच्या रंगांचे मिश्रण करून नवा रंग ठरवतो. एकदा असे केले तर कडा गुळगुळीत दिसतात, पण फिरवलेलेच चित्र पुन्हा फिरवत गेले तर मिश्रणाचे मिश्रण होत जाते. अकराव्या वेळेपर्यंत माझ्या पात्यांचे टोक दोन-तीन पिक्सेलांत विरघळले होते. उपाय सोपा होता, पण सगळे काम पुन्हा करावे लागणार होते. मूळ लेअर कधीही न फिरवता जपून ठेवायचा आणि दर फ्रेमसाठी त्याचीच ताजी प्रत घेऊन ती १०, २०, ३० अशा एकूण कोनाने एकदाच फिरवायची.

झोकांड्यांचे कारण शोधायला मात्र पूर्ण संध्याकाळ गेली, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या कामाचा गाभा तिथेच होता. गिम्पमधले फिरवण्याचे साधन, आपण वेगळे काही सांगितले नाही तर, लेअरच्या मध्याभोवती फिरवते. मी लेअर पात्यांच्या आकाराबरोबर कापून घेतला होता, आणि आकाराचा मध्य म्हणजेच पाती जिथे जोडलेली आहेत तो बिंदू, असे गृहीत धरले होते. चार पात्यांच्या भिरभिऱ्यात ते खरे ठरते, तीन पात्यांत नाही. एक पाते सरळ वर असेल तर ते केंद्रापासून १२० पिक्सेल वर जाते, पण बाकीची दोन तिरकी असल्यामुळे त्यांची टोके केंद्राच्या फक्त ६० पिक्सेल खाली पोहोचतात. म्हणजे आकृतीची उंची १८० पिक्सेल आणि तिचा मध्य वरच्या टोकापासून ९० पिक्सेलांवर येतो. खरे केंद्र १२० वर असते. माझी पाती खऱ्या आसापासून ३० पिक्सेल वर असलेल्या एका भलत्याच बिंदूभोवती फिरत होती. कागदावर त्रिकोण काढून हे मोजले तेव्हाच समजले, पडद्याकडे कितीही वेळ पाहून समजले नसते.

मग २६० बाय २६० पिक्सेलचा चौरस पारदर्शक लेअर घेतला आणि पात्यांचा जोड बरोबर त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी १३० पिक्सेलांवर, ठेवला. आता लेअरचा मध्य आणि आसाचा बिंदू एकच झाले. पाती कुठल्याही कोनात गेली तरी त्यांची टोके १२० पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळाबाहेर जात नाहीत आणि ते वर्तुळ चौरसात आरामात मावते, त्यामुळे टोके कापली जाण्याचा प्रश्नही त्याबरोबरच सुटला. आधीच्या घट्ट कापलेल्या लेअरमध्ये काही कोनांत पात्यांची टोके छाटली जात होती, पण झोकांड्यांपुढे ते माझ्या लक्षातच आले नव्हते.

एवढे करूनही पात्यांच्या जोडावरची मधली गोल चकती किंचित थरथरत राहिली. ही थरथर अर्ध्या पिक्सेलाची होती. मी चकती १५ पिक्सेल व्यासाची काढली होती. विषम रुंदीच्या आकाराचा मध्य एका पिक्सेलाच्या पोटात येतो, आणि २६० या सम रुंदीच्या लेअरचा मध्य दोन पिक्सेलांमधल्या रेघेवर येतो. हे दोन बिंदू कधीच एकमेकांवर बसू शकत नाहीत. चकती १६ पिक्सेलांची केल्यावर हा फरक गेला. तरी दर फ्रेमला तिच्या काठावरचे रंगमिश्रण थोडे बदलत होतेच, म्हणून शेवटी ती चकती पात्यांच्या लेअरमधून काढूनच टाकली आणि प्रत्येक फ्रेममध्ये सर्वांत वर, न फिरवता, जशीच्या तशी ठेवली. एका रंगाची गोल चकती फिरली काय आणि स्थिर राहिली काय, डोळ्यांना सारखीच दिसते. मधला भाग पूर्ण स्थिर झाल्यावर पाती एकदम भरीव आणि वजनदार वाटू लागली, जणू त्यांना खरोखरच कशाने तरी धरून ठेवले आहे.

पाती हाताने काढण्यातही माझी चूक झाली होती. तिन्ही पाती एकसारखी दिसत असली तरी एकाचे टोक किंचित रुंद होते आणि दोघांमधला कोन १२० ऐवजी ११८ च्या आसपास भरला. स्थिर चित्रात हे कोणाच्याही लक्षात येणार नाही. पण माझे आवर्तन १२० अंशांवर संपणारे होते, म्हणजे शेवटच्या फ्रेमनंतर पहिल्या पात्याने दुसऱ्याची जागा घ्यायची होती, आणि ती दोघे हुबेहूब एक नसल्यामुळे तिथे दर वेळी एक चकवा दिसत होता. त्यानंतर मी एकच पाते काळजीपूर्वक काढले आणि त्याच्याच दोन प्रती १२० आणि २४० अंशांनी फिरवून बाकीची दोन तयार केली. त्याच वेळी पात्यावरची छटाही काढून टाकली. पात्याच्या डाव्या बाजूला उजेड आणि उजव्या बाजूला सावली दिली होती, पण पाते खाली गेले की उजेडही त्याच्याबरोबर फिरून उजवीकडे जात होता, जसा काही सूर्यच पात्याला बांधलेला असावा. खऱ्या उजेडाप्रमाणे छटा द्यायची तर प्रत्येक फ्रेममध्ये ती नव्याने रंगवावी लागली असती. सपाट पांढरट रंग आणि एका कडेला बारीक करडी रेघ, एवढेच पुरेसे ठरले.

ती करडी रेघ कोणत्या कडेला हवी, यावरून दिशेचा प्रश्न आला. आजच्या मोठ्या पवनचक्क्या समोरून पाहिल्या तर बहुतेक सगळ्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, आणि पात्याची जाड, गोलसर कड पुढे तर निमुळती कड मागे असते. मी गणिताच्या पुस्तकातल्या सवयीप्रमाणे धन कोन घड्याळाच्या उलट दिशेने मोजला जातो असे धरून कोनांना ऋण चिन्ह दिले. गिम्पमध्ये धन कोन घड्याळाच्याच दिशेने जातो. परिणामी माझी पाती निमुळती कड पुढे करून हवा कापत उलटी निघाली होती, म्हणजे ज्या चुकीसाठी मी इतरांची चित्रे बाजूला ठेवली तीच माझ्या चित्रात आली होती.

वेगासाठी थोडे गणित केले आणि ते मला मनापासून आवडले. मोठ्या पवनचक्कीची पाती मिनिटाला साधारण १० ते २० फेरे घेतात. मी एका फेऱ्याला ३.६ सेकंद धरले, म्हणजे १२० अंशांना १.२ सेकंद. बारा फ्रेम केल्या तर प्रत्येक फ्रेम ०.१ सेकंद टिकते, पण तेवढ्या वेळात पात्याचे टोक सुमारे २१ पिक्सेल पुढे उडी मारते आणि ती उडी डोळ्यांना खुपते. पाच अंशांच्या चोवीस फ्रेम केल्या तर प्रत्येक फ्रेम ०.०५ सेकंद टिकते आणि उडी साडेदहा पिक्सेलांवर येते. तीन अंशांच्या चाळीस फ्रेम केल्या तर ती सहा पिक्सेलांवर आली असती, पण फाइलही त्या प्रमाणात फुगली असती. चोवीस फ्रेमवर मी थांबले. जिफमध्ये वेळ शतांश सेकंदाच्या पूर्ण संख्येतच नोंदवता येते, म्हणून असे नेमके भाग जाणारे आकडे निवडणे सोयीचे पडते.

याच टप्प्यावर, वाऱ्याचा जोर वाढल्यासारखे दिसावे म्हणून मी प्रत्येक फ्रेमला एकच शतांश सेकंद देऊन पाहिले. ब्राउझरमध्ये उघडले तर पाती वेगाने फिरण्याऐवजी पहिल्यापेक्षा दुप्पट मंद झाली होती. बहुतेक ब्राउझर शून्य किंवा एक शतांश हा आकडा ग्राह्य धरत नाहीत आणि त्याऐवजी दहा शतांश लावतात, त्यामुळे १.२ सेकंदांचे आवर्तन २.४ सेकंदांवर गेले होते. दोन शतांशांपासून पुढचे आकडे सहसा पाळले जातात. वेग वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे दर फ्रेमला कोनाची उडी मोठी करणे, पण तीन पात्यांच्या चक्राला ६० अंशांची उडी दिली की ते कोणत्या बाजूला फिरते आहे हे डोळ्यांना ठरवता येत नाही, आणि १०० अंशांची दिली तर ते २० अंशांनी उलटे फिरताना दिसते. चित्रपटात धावत्या गाडीची चाके कधी कधी मागे फिरताना दिसतात, ती याच कारणाने. हे मी मुद्दाम करून पाहिले आणि बराच वेळ पाहत बसले. संथ वेगच ठेवला.

फ्रेमची संख्या मोजतानाही मी एकदा फसले. ० पासून १२० पर्यंत पाच-पाच अंशांनी गेले की पंचवीस फ्रेम होतात. पंचविसावी फ्रेम आणि पहिली फ्रेम तंतोतंत एकच असल्यामुळे पाती तिथे दुप्पट वेळ थांबतात आणि प्रत्येक आवर्तनाला एक अडखळ बसते. शोधलेल्या चित्रांमध्ये जो गचका मला दिसला होता, तो बहुधा हाच असावा. ११५ अंशांवर थांबायला हवे, १२० ही पुढच्या आवर्तनाची पहिली फ्रेम असते. बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी १८३२ मध्ये जी फिरती तबकडी केली, तिच्यात चित्रे वर्तुळाच्या काठावर मांडलेली असत आणि शेवटच्या चित्राला लागूनच पहिले चित्र येत असे. तिथे ही चूक करायला जागाच नव्हती. एकाखाली एक लेअर रचताना मात्र सुरुवात आणि शेवट एकमेकांपासून दूर दिसतात आणि ते शेजारी आहेत याचा विसर पडतो.

आता फ्रेम एकत्र करायच्या होत्या. गिम्पमध्ये लेअरच्या नावापुढे कंसात वेळ आणि 'कम्बाइन' (आधीच्या फ्रेमवर चढवा) किंवा 'रिप्लेस' (आधीची फ्रेम काढून टाका) असा शब्द लिहिता येतो. नुसती पाती असलेले पारदर्शक लेअर 'कम्बाइन' ठेवून चालवले तेव्हा आधीची पाती पुसली गेलीच नाहीत, आणि सव्वा सेकंदात मनोऱ्याच्या टोकावर एक भरगच्च पांढरे फूल उमलले. 'रिप्लेस' केले तर पहिल्या फ्रेमनंतर आकाश, टेकडी आणि मनोरा सगळेच नाहीसे झाले आणि पाती अधांतरी फिरू लागली. फ्रेमचे पुढे काय करायचे, या नोंदीचा अर्थ तेव्हा नीट उमगला. प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे पूर्ण हवी, म्हणून पार्श्वभूमीच्या चोवीस प्रती काढून प्रत्येकीवर एकेका कोनाची पाती आणि वर चकती बसवली आणि ते तीनही लेअर एकत्र केले. काम कंटाळवाणे होते, पण त्यात अवघड असे काही नव्हते. त्यानंतर गिम्पमधली जिफसाठीची ऑप्टिमाइझ ही आज्ञा चालवली. ती आधीच्या फ्रेमपेक्षा बदललेला भागच पुढच्या लेअरमध्ये ठेवते, त्यामुळे मनोरा आणि टेकडी चोवीस वेळा साठवली जात नाहीत.

इथे मला विसरलेले २५६ रंग आठवले. मी आकाशाला वरून गडद आणि खाली फिकट होत जाणारा निळा रंग दिला होता. जिफसाठी रंग कमी केले तेव्हा आकाशात पट्टे उमटले. पट्टे लपवण्यासाठी फ्लॉइड–स्टाइनबर्ग पद्धतीने ठिपके मिसळले. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत प्रत्येक पिक्सेलाच्या रंगातली चूक उजवीकडच्या आणि खालच्या पिक्सेलांत वाटून टाकते आणि स्थिर चित्रात ती फार सुरेख दिसते. पण माझ्या चित्रात पाती दर फ्रेमला जागा बदलत होती, त्यामुळे चुकांची वाटणीही दर फ्रेमला बदलत होती, आणि मोकळे आकाश मुंग्या आल्यासारखे वळवळत होते. शिवाय जवळजवळ सगळेच पिक्सेल दर फ्रेमला बदलल्यामुळे ऑप्टिमाइझ करण्याचाही उपयोग उरला नाही. मी आकाश एकाच फिकट निळ्या रंगाचे केले. जिफची संकोचन पद्धत एकसारख्या रंगाच्या सलग ओळी अगदी थोडक्यात साठवते, म्हणून फाइल निम्म्याहूनही लहान झाली, आणि कडांच्या मिश्र छटा धरूनही ३२ रंगांत सगळे चित्र बसले.

पारदर्शक पार्श्वभूमीचीही एक आवृत्ती करून पाहिली. जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक असतो किंवा मुळीच नसतो, त्यामुळे पात्यांच्या अर्धपारदर्शक कडा करवतीच्या दात्यांसारख्या झाल्या. ती आवृत्ती सोडून दिली.

जिफ म्हणून निर्यात करताना आवर्तन सतत चालू ठेवण्याची खूण लावायची राहून गेली आणि पाती एक तृतीयांश फेरा घेऊन थांबली. पुन्हा पुन्हा चालण्याची सोय मूळ जिफमध्ये नव्हतीच. ती नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीसोबत आली, आणि आजही फाइलमध्ये ती नोंद नेटस्केपच्याच नावाने असते. नेटस्केप मागे पडून इतकी वर्षे झाली तरी प्रत्येक अखंड फिरणाऱ्या जिफमध्ये ते नाव टिकून आहे, हे मला खूप हृद्य वाटले.

लेखात चित्र बसवल्यावर मात्र सतत फिरणाऱ्या पात्यांशेजारी मजकूर वाचणे जड जाऊ लागले. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, मजकुरासोबत आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल वाचकाला थांबवता आली पाहिजे, असे सांगितले आहे. जिफला स्वतःचे असे थांबवण्याचे बटण नसते. म्हणून लेखात पहिली फ्रेम स्थिर चित्र म्हणून ठेवली आणि तिच्यावर टिचकी मारली की हलते चित्र सुरू होईल आणि पुन्हा मारली की थांबेल, अशी योजना केली.

त्यामुळे पहिली फ्रेम कोणती असावी याचाही विचार करावा लागला. कागदावर छापताना आणि काही ई-मेल प्रोग्रॅममध्येही तीच एक फ्रेम दिसते. एक पाते सरळ खाली असलेली फ्रेम पहिली ठेवली तर ते मनोऱ्यावर पडून दोन्ही पांढरे रंग मिसळतात आणि पवनचक्कीला दोनच पाती असल्यासारखी दिसते. एक पाते सरळ वर आणि बाकीची दोन मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना उतरलेली, अशी शून्य अंशांची फ्रेमच पहिली ठेवली. शेवटची तपासणी म्हणून चित्र चालू करून पेन्सिलीचे टोक पडद्यावरच्या मधल्या चकतीपाशी धरले आणि दहा-बारा आवर्तने पाहिली. चकतीचा काठ पेन्सिलीच्या टोकापासून जराही हलला नाही, आणि ती फाइल मी लेखासोबत पाठवून दिली.